छपराचा ताप

उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या दवाखान्यांत बायका ज्या तक्रारी घेऊन येतात त्या बऱ्याचदा सारख्याच असतात. डोकं जड, रात्री झोप नाही, जीव घाबरतो, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीला जळजळ. रक्तदाब बघितला जातो, गोळ्या दिल्या जातात आणि संध्याकाळी बाई पुन्हा त्याच घरात जाते जिथे हे सगळं सुरू झालं. केसपेपरवर वय असतं, वजन असतं, पत्ता असतो. डोक्यावर छप्पर कसलं आहे हे लिहायला रकाना नसतो. नर्सची नोकरी सोडून वस्त्यांत काम करायला लागल्यापासून आम्ही कुठल्याही घरात शिरलो की आधी वर बघतो. पत्रा आहे, सिमेंटचा पत्रा आहे, कौलं आहेत की स्लॅब, यावरून त्या घरातली निम्मी दुखणी विचारायच्या आत कळतात.

आपल्या दोन्ही तालुक्यांत उन्हाळा कडक आणि पावसाळा त्याहून कडक. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे जातो, जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. त्यात आपले बौद्धवाडे बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला, माळावर नाहीतर खडकाळ उतारावर. गावठाणातली जुन्या चिंचा-आंब्यांची सावली आपल्या वाट्याला आलीच नाही. म्हणजे ऊन सगळ्यांना सारखं हे म्हणायला ठीक आहे, पण ते पडतं मात्र जागा बघून.

पूर्वी घरं कुडाची होती. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, छपराला गवत किंवा पेंढा, पुढे पुढे कौलं. ती घरं थंड राहायची हे खरं. पण शहरातून येणारे काही पाहुणे "मातीची घरं किती छान होती, ती का सोडली?" असं विचारतात तेव्हा आम्हाला राग येतो. गवत दरवर्षी बदलावं लागतं, कौलं माकडं फोडतात, कुडाला उंदीर-घुशी लागतात, पहिल्या पावसात अर्धं घर गळतं. शिवाय झोपडी ही आपल्या माणसांसाठी आठवण आहे, शोभेची वस्तू नाही. लोकांनी पत्रा घातला तो शहाणपणानेच घातला. फक्त पत्रा पाऊस अडवतो, ऊन अडवत नाही. उलट दुपारी तापलेला पत्रा चुलीवरच्या तव्यासारखा खाली उष्णता सोडत राहतो. घर ठेंगणं असेल तर ती सरळ झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर येते.

कोणाच्या डोक्यावर, हेही बघा. पुरुष माणसं रात्री ओट्यावर, अंगणात खाट टाकून झोपतात. बायका, वयात आलेल्या मुली, बाळंतीण आतच. खिडकी असली तरी लाजेखातर आणि भीतीपोटी बंद. घरातल्या सगळ्यात गरम जागेत सगळ्यात जास्त वेळ बाईच असते, आणि स्वयंपाकही तिथेच.

बाळंतिणीची खोली

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात, खाटेखाली शेगडी ठेवतात, बाळाला टोपडं, दुपटं, वरून गोधडी. हिवाळ्यात, पावसाळ्यात बाळाला ऊब हवीच. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हेच केलं तर बाळाचं अंग तापतं. लोक समजतात जंतुसंसर्गाचा ताप, आणि कधी तो असतोही, म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की दवाखान्यात न्यायचंच. घरी ताप उतरण्याचं औषध देत बसायचं नाही. पण मुळात बाळाला तापवू नका. उन्हाळ्यात एक सुती झबलं पुरे. खोलीचं दार उघडं, वारा थेट अंगावर नको एवढंच. बाळ सुस्त झालं, दूध ओढत नाही, लंगोट सहा-सात तास कोरडा आहे, तर थांबू नका. बाळाला वरून पाणी पाजायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, फक्त जास्त वेळा. पाणी आईला पाजा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कुठल्याच ऋतूत नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

सासूबाईंना हे सांगताना भांडण करून चालत नाही. "आजी, तुमच्या वेळी छप्पर गवताचं होतं, आता पत्र्याचं आहे" एवढं म्हटलं की बऱ्याच आजी स्वतःच शेगडी बाहेर काढतात.

पांढरं छप्पर

सगळ्यात स्वस्त इलाज चुन्याचा. पांढरा रंग ऊन परतवतो, इतकं साधं शास्त्र आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा सामना करण्याचा आराखडा केला आणि २०१७ पासून झोपडपट्ट्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. अशा छपराखाली घर दोन ते पाच अंशांनी उतरतं. ऐकायला कमी वाटतं, पण बेचाळीसचे अडतीस झाले तर म्हाताऱ्या माणसाची रात्र निभते.

सिमेंटच्या पत्र्यावर आणि स्लॅबवर चुना चांगला धरतो. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवायचा. चुना पाण्यात थोडा थोडा टाकायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. मुलांना लांब ठेवा. दुसऱ्या दिवशी गाळून घ्या, थोडा फेविकॉल मिसळा आणि पातळ दोन हात द्या. डोळ्यांत चुना गेला तर चोळू नका, वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहा आणि मग दवाखाना. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात आणि पत्र्याचा जस्ताचा थरही खराब होतो. तिथे छपरासाठी मिळणारा पांढरा रंगच लावावा. महाग पडतो, पण दोन-तीन घरांनी मिळून एक डबा आणला तर परवडतो. काम होळीच्या आसपास उरकायचं. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी पुन्हा. त्या छपराचं पागोळीचं पाणी पिण्यासाठी भरू नका.

पत्र्यावर चढणं हे खरं धोक्याचं. सिमेंटचा पत्रा दिसायला जाड, पण पाय पडला की फुटतो, आणि माणूस सरळ खाली. कुंचा लांब बांबूला बांधून शिडीवरूनच काम करा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात; त्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं आखडतात, कॅन्सरही होतो. घरात नुसता पत्रा आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण तो घासू नये, करवतीने कापू नये, भोकं पाडू नयेत. काढायची वेळ आली तर आधी पाणी मारून ओला करावा. तुटके तुकडे चुलीच्या आडोशाला किंवा मुलांच्या खेळायच्या जागी ठेवू नयेत.

ज्यांना वरून काही करता येत नाही त्यांनी आतून करावं. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा शिवलेल्या गोण्या ताणून बांधल्या की मधली हवा उष्णता अडवते. ती गरम हवा बाहेर जायला भिंतीच्या वरच्या टोकाला दोन बाजूंनी झरोके हवेत, नाहीतर वरती भट्टी तयार होते. थर्माकोल लावू नका. चुलीची एक ठिणगी लागली तर तो वितळत, धुमसत खाली पडतो. छपरावर भाताचा पेंढाही चालतो, पण चूल छपराला लागून असेल तर नकोच.

दुधी-दोडक्याचे वेल छपरावर चढवा असं पुष्कळ जण सुचवतात. ऑक्टोबरच्या उन्हात वेलाचा उपयोग होतो. मे महिन्यात वेलाला पाणी आणायचं कुठून? तानसा, वैतरणा, भातसा या शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. छपरावर पाणी मारा, ओले पडदे लावा हे सल्ले ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांच्यासाठी. आपल्याला चुना बरा.

पंखा आणि ३६० ची रेघ

आता विजेचं गणित, कारण पंखा लावायला लोक बिलाला घाबरतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकाला महावितरणचा सवलतीचा दर असतो. त्याची अट महिन्याला ३० युनिट, म्हणजे वर्षाला ३६० युनिटच्या आत वापर. वर्षभराचा वापर त्यापुढे गेला की ते घर साध्या घरगुती दरात जातं. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट, वर्षाला २७०. नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे रोज पाच तास, वर्षाला पन्नासच्या आसपास. झाले ३२०. वर मोबाईल आणि घटकाभर टीव्ही लावला की रेघ ओलांडली. एप्रिल-मे मध्ये पंखा दहा नव्हे, सोळा तास फिरतो. तो हिशोब वेगळाच. म्हणजे गरिबाने एक पंखा नीट लावला तर तो सरकारी कागदावर गरीब राहत नाही! ही रेघ आखणाऱ्यांनी पत्र्याखाली एक मे महिना काढावा, मग बोलू.

यातून वाट कमी वीज खाणाऱ्या पंख्याची. त्याला बीएलडीसी पंखा म्हणतात, २८ ते ३० वॅटवर चालतो. तेच दहा तास धरले तर महिन्याला नऊ युनिट. किंमत साध्या पंख्याहून जास्त, एकदम जमत नाही. बचत गटातून हप्त्याने घेता येतो. भिशीतून कुकर, कपाट घेतो तसा पंखा घ्यायला हरकत नाही. एक लक्षात ठेवा, खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंगावर गरम झोतच सोडतो. तेव्हा अंग, मान, पाय ओल्या फडक्याने पुसा आणि मग वारा घ्या. त्याला तांब्याभर पाणी पुरतं.

ज्यांच्याकडे अजून स्वतःचं मीटर नाही, शेजाऱ्याकडून वायर ओढली आहे, त्यांच्यासाठी १४ एप्रिल २०२१ पासून महावितरणने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना' आणली होती. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, असं तिचं स्वरूप. जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल आणि त्या जागेवर जुनी थकबाकी नसणं या अटी. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात या योजनेचं नाव घेऊन विचारा आणि अर्जाची पोच हातात घेतल्याशिवाय उठू नका. ओढलेल्या वायरीने पावसाळ्यात ओल्या भिंतीला, पत्र्याला करंट उतरतो. हे बिलाच्याही आधीचं कारण आहे.

बाबासाहेबांचं नाव या योजनेला नुसतं शोभेसाठी नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडेच होता. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय देश दारिद्र्यातून वर येणार नाही, अशी मांडणी केली होती. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. जयंतीच्या रोषणाईत हे कुणीतरी सांगायला हवं.

छपरावरच्या सौर पॅनेलचं सध्या फार बोललं जातं. केंद्राची 'सूर्यघर' योजना २०२४ ची. एक किलोवॅटला ३० हजार अनुदान. राज्याच्या 'स्मार्ट' योजनेत त्यावर भर घालून दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाने २,५०० रुपये आणि महिना १०० युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जातीच्या ग्राहकाने ५,००० रुपये भरायचे आहेत. चांगली योजना आहे, पण मीटर स्वतःच्या नावावर हवं आणि छप्पर पॅनेलचं वजन पेलणारं हवं. वाशाला वाळवी लागलेल्या पत्र्यावर पॅनेल बसत नाही. म्हणून गोष्ट फिरून घरकुलावर येते.

घरकुल मिळालं, खिडकी राहिली

आपल्यासाठी २००८ पासून रमाई आवास योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांसाठी. घर २६९ चौरस फुटांचं. शेजारच्या वाडीतल्या कातकरी कुटुंबांसाठी २०२३ च्या 'जनमन' योजनेत घराला दोन लाख आहेत, त्यांनाही सांगा. त्यांची घरं आपल्याहून वाईट अवस्थेत आहेत. पैसे टप्प्याटप्प्याने, बांधकामाचे फोटो काढून मिळतात. मिस्त्री घाई करतो, सिमेंट महागतं, पैसे भिंतीच्या वर येईपर्यंत संपतात. मग स्लॅबच्या जागी पत्रा आणि दोन खिडक्यांच्या जागी एक. नवं घर, पण जुन्यापेक्षा गरम, अशी घरकुलं आम्ही दोन्ही तालुक्यांत पाहिली.

म्हणून पाया खणायच्या आधीच मिस्त्रीशी बोला. समोरासमोरच्या भिंतींत एकेक खिडकी, म्हणजे वारा एकीतून येऊन दुसरीतून जाईल; क्षयरोग्याच्या घरातही हीच खिडकी बाकीच्यांना वाचवते. खिडकीचा खालचा काठ छातीइतका उंच घेतला तर बाहेरून कुणी आत बघत नाही आणि बाई ती उघडी ठेवते. भिंती दहा फूट. नैर्ऋत्येचा पाऊस आणि पश्चिमेचं ऊन एकाच बाजूने मारतात, तिथे छज्जा पुढे काढा. चुलीच्या वर धूर जायला वाट. स्लॅब झालाच तर त्यावर फरशीच्या दुकानातल्या पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे सिमेंटात बसवा. दुकानदार ते फेकूनच देतो, आणि चुन्यासारखं दरवर्षी करावं लागत नाही.

धुराबद्दल थोडंच. उज्ज्वलाचं सिलिंडर घरात असून रिकामं पडलेलं दिसतं, कारण लाकूड फुकट आणि गॅस विकत. चुलीवरच्या भाकरीवर आमचा राग नाही. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, जोडणी बाईच्या नावावर असावी लागते. ती तीन सिलिंडर पावसाळ्यासाठी राखा, कारण ओल्या लाकडाचा धूर सर्वांत वाईट. घरात तान्हं मूल किंवा दमेकरी असेल तर नक्कीच. आणि चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायर-ट्यूबचा तुकडा वापरणं आजच बंद करा. सुकी काटकी मे महिन्यातच आत घेऊन ठेवा.

पावसाळ्याआधी छपराचं गळकं बघताना लोक फ्लेक्स टाकतात. बाबासाहेबांचा फोटो असलेला फ्लेक्स कुणी छपरावर टाकत नाही, तो घडी करून ठेवतात; पुढाऱ्यांचे मात्र उलटे करून घालतात. वस्तीत त्यांचा एवढा तरी उपयोग! त्याच वेळी दाराखालची फट आणि भिंतीची बिळं बुजवा. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा दुखत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन आणि सरळ शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत येत नाही.

दुपारी विहार उघडा ठेवा

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या सरकारी सोहळ्यानंतर १४ माणसं गेली. आपल्या मिरवणुका त्याच आठवड्यात असतात. त्या उन्हं उतरल्यावरच काढा, पुढे पाण्याचा टेम्पो ठेवा.

कुणी उन्हात किंवा घरातच बरळायला लागलं, तोल गेला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. अशा वेळी क्रोसिन देऊ नका, तिचा उपयोग नाही. कांदा चोळण्यात वेळ घालवू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओली चादर गुंडाळून जोरात वारा घाला, काखेत आणि जांघेत गार फडकी ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको. १०८ येईपर्यंत हेच करत राहा. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळा लागताच डॉक्टरांना डोस विचारून घ्यावा. मनाने बंद करू नये. फ्रीज नसलेल्यांनी इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून मातीच्या मडक्यात ठेवावी, मडकं ओल्या वाळूवर, सावलीत.

आता विहाराचं. पुष्कळ वस्त्यांत सगळ्यात उंच छताची, मोठ्या खिडक्यांची, पंखे असलेली इमारत म्हणजे आपला बुद्धविहार. आणि एप्रिल-मे च्या दुपारी बारा ते चार त्याला कुलूप असतं. चावी समितीकडे, समितीचे लोक कामावर. चावी महिला मंडळाकडे द्या. आत दोन माठ, मिठाचं-साखरेचं पाणी, चटया. आजी-आजोबा, गरोदर बायका, लहान मुलं तिथे दुपारी टेकतील. विजेचं बिल वाढेल अशी शंका समितीत कुणीतरी काढेलच. वर दिलेलं पंख्याचं गणित त्यांना वाचून दाखवा.

१ मे ला ग्रामसभा असते. घरकुलाच्या यादीतून सुटलेल्यांची नावं, मीटर नसलेल्या घरांची नावं आणि सिमेंटच्या फुटक्या पत्र्याची घरं एका कागदावर लिहून न्या. ठरावाच्या वहीत ती नावं उतरवून घ्या आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा.